सिंक कुठलं घ्यायचं? आधी पाणी बघा, मग भांडी, मग हात



गेल्या बुधवारी रात्री पावणेदहाला घरून फोन आला. एवढ्या उशिरा घरचा फोन वाजला की फौजी माणसाच्या पोटात गोळाच येतो. पण पलीकडून कारभारणीचा शांत आवाज आला. "अहो, सोमवारी ओट्याचा ग्रॅनाइट कापायला माणूस येतोय. त्याला सिंकचं माप पाहिजे. कुठलं घ्यायचं ते सांगा."

मागोमाग व्हॉट्सअपवर तीन फोटो आले. एक स्टीलचं, एक पांढरंशुभ्र चिनी मातीचं, एक काळं कुळकुळीत क्वार्ट्झचं. साताऱ्याकडचं आमचं घर सध्या दुरुस्तीला काढलंय. पेन्शनला दोन वर्षं राहिली, त्याआधी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवं करून घ्यायचं ठरलंय. मी इकडे जोधपूरला. घरी ती, माझी आई, आणि दिवसभर ठोकठोक करणारे गवंडी.

मी फोटो बघितले आणि म्हणालो, "तू ठरव."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

ते "बरं" मला रात्रभर टोचलं. फौजी घरात "तू ठरव" या दोन शब्दांवर अख्खे संसार चालतात. पोराची शाळा? तू ठरव. विहिरीवरची मोटर? तू ठरव. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कुठे करायचं? तू ठरव. आपल्याला वाटतं आपण बायकोला मान देतोय. खरं म्हणजे आपण जबाबदारी तिच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो. पुढे चुकलं तर "तूच ठरवलं होतंस" म्हणायलाही आपण मोकळेच.

आणि हा विषय तर माझ्या हातातला. मी ई.एम.ई.चा माणूस. चोवीस वर्षं वेल्डिंग आणि पत्र्याच्या कामात गेली. स्टीलचा पत्रा बोटाने वाजवून त्याची जाडी सांगणारा माणूस स्वतःच्या घरच्या सिंकबद्दल "तू ठरव" म्हणतो, याची मलाच लाज वाटली. म्हणून दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी वही घेऊन बसलो.

फौजेत कुठल्याही कामाआधी परिस्थितीचा अंदाज घेतात. जमीन कशी आहे, हवामान कसं आहे, समोर कोण आहे, आपल्याकडे काय आहे. सिंकलाही तोच नियम लावला तर तीन प्रश्न उरतात. पाणी कुठलं? भांडी कुठली? आणि उभं कोण राहणार? दुकानात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते. तिथे कोरडं, रिकामं, दिव्याखाली चमकणारं सिंक असतं. आपल्या घरात ते तसं दिवसातून पाच मिनिटंही नसतं.

माझं नशीब असं, की वेगवेगळ्या पोस्टिंगवर मी आणि कारभारणीने जवळजवळ सगळ्या जातीची सिंक वापरून बघितली आहेत.

मोरीपासून सुरुवात

मी लहान असताना घरात सिंक नव्हतंच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीची मोरी होती. आई उकिडवी बसून राख आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासायची, पितळेचं असेल तर चिंच. शहाबादी काय, कडाप्पा काय, दोन्ही मुळात चुनखडीच्याच जातीचे दगड. चिंच, लिंबू, ताक यातलं आम्ल त्यांना हळूहळू खातं. आमच्या मोरीतली पितळ घासायची जागा खरबरीत होऊन खोलगट झाली होती. आज कोणी हौसेने संगमरवराचं सिंक दाखवलं की मला ती जागा आठवते. संगमरवरही चुनखडीच्याच कुळातला. आपल्या घरात आमसूल, चिंच, लिंबू, टोमॅटो रोजचे. आपल्या स्वयंपाकाला संगमरवर मानवत नाही.

आईची कंबर मात्र मोरीनेच धरली. उभ्याचा ओटा घरात आला तेव्हा ती पन्नाशीला पोचली होती.

पंजाब: सिमेंटचं सिंक

लग्नानंतरचं पहिलं क्वार्टर पंजाबातल्या एका छावणीत मिळालं. इमारत जुनी, सिंक मोझॅकचं, म्हणजे सिमेंटमध्ये दगडाची बारीक खडी घालून घासून गुळगुळीत केलेलं. नवं असताना छान दिसत असणार. पण सिमेंटही आम्लापुढे टिकत नाही. मधलं सिमेंट झिजून खडी वर आली होती आणि फटीफटीत खरकटं अडकायचं. कारभारीण तेव्हा वीस वर्षांची. रोज रात्री जुन्या दात घासायच्या ब्रशने ती त्या फटी काढायची. तिथे शिकलेली गोष्ट अशी, की सिंकचा पृष्ठभाग जितका बंद आणि गुळगुळीत, तितकी रोजची मेहनत कमी. ज्यात पाणी आणि तेल मुरतं ते भांडी घासायच्या जागेला नको.

तेजपूर: पांढरं सिंक आणि लाल पाणी

आसामात तेजपूरला पांढरं चिनी मातीचं सिंक मिळालं. कारभारीण हरखली. पंधरा दिवसांत नळाखाली तांबूस ओघळ दिसायला लागला, महिन्याभरात विटकरी पट्टा. आसामात बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात लोह भरपूर आहे. पाणी वर आलं, हवा लागली की त्यातलं विरघळलेलं लोह गंजाच्या रूपात खाली बसतं. तिथली माणसं वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून पाणी काढतात ते उगीच नाही. आम्ही बाहेरची. आम्ही सिंकलाच दोष देत बसलो.

चिनी मातीचं सिंक तसं वाईट नाही. उंच तापमानाला भाजलेलं असतं, वर काचेसारखी झिलई असते, आम्ल लागत नाही. दोष दोन. एक, जड भांडं पडलं की टवका उडतो, आणि गेलेली झिलई परत येत नाही. दोन, ते स्वतः इतकं कडक असतं की निसटलेला कप किंवा काचेचा ग्लास वाचत नाही. लोखंडावर इनॅमल चढवलेल्या सिंकचंही तसंच, उलट एक दोष जास्त. फौजेतला जुना इनॅमलचा मग्गा ज्यांनी वापरलाय त्यांना सांगायला नको. एकदा दगडावर आपटून टवका उडाला की तिथून गंज सुरू.

पोर्ट ब्लेअर: स्टीलवर तपकिरी ठिपके

पोर्ट ब्लेअरला स्टीलचं सिंक होतं. मी मनात म्हणालो, आता काळजी मिटली. तीन महिन्यांत त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी ठिपके दिसायला लागले. वेल्डरच्या घरी स्टील गंजतं म्हटल्यावर कारभारणीने मला चांगलंच ऐकवलं.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पत्र्यावर डोळ्याला न दिसणारा पातळ थर बसतो आणि तो खालच्या लोखंडाला सांभाळतो. ओरखडा आला तरी हवा लागताच थर परत बसतो. पण मिठातलं क्लोराइड या थराचं वैरी आहे. समुद्रावरच्या हवेतून मीठ येऊन बसतं, पुसलं नाही तर बारीक खड्डे पडतात. तिथल्या एका जुन्या नेव्हीवाल्याने उपाय सांगितला. रात्री सिंक गोड्या पाण्याने धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. एवढंच. ठिपके वाढायचे थांबले. कोकणात, गोव्यात अगदी समुद्राकाठी घर असेल तर ३१६ नंबरचं स्टील मिळालं तर बघा. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे जास्त टिकतं. नाही मिळालं तर रात्रीचं फडकं पुरतं.

लेह: टबांची रांग

लेहला कुटुंब बरोबर नव्हतं आणि हिवाळ्यात नळ गोठायचे, म्हणून सिंकचा प्रश्नच नव्हता. लंगरबाहेर टब मांडलेले असायचे. आधी खरकटं पिंपात, मग साबणाचं गरम पाणी, मग साधं गरम पाणी, मग लाल दवेचं पाणी, आणि शेवटी ताट पालथं. हा क्रम मोडायचा नाही.

त्या रांगेत उभं राहून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. भांडी घासणं म्हणजे एक रांग आहे. खरकटी भांडी एका बाजूला येतात, धुतलेली दुसऱ्या बाजूला जातात. सिंक कितीही भारी घ्या, त्याच्या डावी-उजवीकडे हातभर जागा नसेल आणि धुतलेल्या भांड्यांचं पाणी परत सिंकात निथळत नसेल, तर रोजचा गोंधळ ठरलेला. ग्रॅनाइट कापण्याआधी हा विचार करायचा, नंतर फक्त चिडचिड होते.

जोधपूर: काळ्यावर पांढरं

आता जोधपूर. शहराला कालव्याचं पाणी येतं, पण आमच्या ओळखीचे एक सुभेदारसाहेब राहतात त्या वस्तीत ट्यूबवेलचं पाणी आहे. त्यांनी मागच्या वर्षी काळं क्वार्ट्झचं सिंक बसवलं. आम्ही सगळे बघायला गेलो होतो, आणि खरं सांगतो, मीही भाळलो होतो. दिवाळीत परत गेलो तेव्हा त्यावर पांढरट धुकं पसरलेलं. जड पाण्यातले क्षार. पाणी सुकतं, क्षार राहतात. वहिनी दर रविवारी व्हिनेगर लावून बसतात.

क्वार्ट्झचं सिंक म्हणजे साधारण ऐंशी टक्के क्वार्ट्झची पूड आणि बाकी ॲक्रिलिकसारखा चिकटवणारा पदार्थ. त्याचे गुण मान्य करायला हवेत. पोचा येत नाही, ओरखडा सहसा दिसत नाही, भांड्यांचा खणखणाट होत नाही. बनवणारे साधारण २८० अंशांपर्यंत उष्णता सोसेल असं सांगतात. पण आपल्या घरात भाकरी झाल्यावर लाल तापलेला लोखंडी तवा सिंकात टाकून वर पाणी सोडायची सवय असते. खलबत्त्याचा बत्ता हातातून निसटतो. अशाने तडा गेला तर सिंकच बदलायचं, आणि सिंक बदलायचं म्हणजे ओटा उचकटायचा. स्टीलला पोचा येतो, पण गळत नाही. पोचा आलेलं सिंक वीस वर्षं चालतं.

माझं मत

तर माझं मत स्टीलच्या बाजूने आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या घरात, जिथे कुकर, कढई, लोखंडी तवा, परात रोज सिंकात पडतात, जिथे चिंच-आमसूल आहे, जिथे दिवसातून तीनदा भांड्यांचा ढीग असतो, तिथे स्टीलसारखं सोशीक दुसरं काही नाही.

या स्टीलचा जन्मही आपल्या धंद्याच्या शेजारचा आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळीची आतून होणारी झीज कशी कमी करता येईल ते शोधत होता. क्रोमियम घातलेल्या पोलादावर प्रयोग करताना त्याला ते गंजत नाही असं दिसलं. नाव झालं ते सुरी-चमच्यांसाठी. बंदुकीसाठी शोधलेली वस्तू स्वयंपाकघरात रमली, तशी आपलीही पेन्शननंतर तीच गत होणार आहे.

पण नुसतं "स्टील" म्हणून दुकानात जाऊ नका, फसाल. चार गोष्टी बघा.

पहिली, नंबर. घ्यायचं ते ३०४. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त सिंक बहुतेक वेळा २०२ किंवा २०१ चं निघतं. त्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखीच. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा साहेब, चिकटत नाही, म्हणजे ३०४." हे खरं नाही. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा दाबून सिंक घडवताना कोपऱ्यात थोडा चुंबकीय होऊ शकतो, म्हणजे अस्सल मालाच्या कोपऱ्याला चुंबक किंचित धरेल. चुंबकाने इतकंच कळतं की ते साधं स्वस्त ४०० मालिकेतलं नाही. खरी तपासणी थेंबाची. त्याचं द्रावण मिळतं, पत्र्यावर थेंब टाकून छोट्या बॅटरीच्या तारा लावायच्या. थेंब लाल झाला की मँगनीज जास्त, म्हणजे २०० मालिका. तपासून द्यायला दुकानदार तयार नसेल तर बिलावर "३०४" लिहून मागा. खरा माल असेल तर लिहायला कोणी मागेपुढे बघत नाही. घरगुती स्टील सिंकसाठी आय.एस. १३९८३ हे भारतीय मानक आहे, त्याची खूण असली तर उत्तमच.

दुसरी, जाडी. गेजचा आकडा उलटा चालतो. आकडा लहान तितका पत्रा जाड. २२ गेज म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर, त्यावर कुकर आपटला की पोचा. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, घराला भरपूर. गेजच्या भानगडीत न पडता सरळ मिलिमीटर विचारा, एकच्या खाली घेऊ नका. तळाला बाहेरून रबराची जाड पट्टी चिकटवलेली असेल तर नळाच्या धारेचा डबा वाजवल्यासारखा आवाज येत नाही.

तिसरी, चमक. आरशासारखं घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात ओरखडे दिसतात. बारीक रेघांचं मॅट घ्या. नवे ओरखडे जुन्या रेघांत मिसळून जातात.

चौथी, निगा. लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे कण पत्र्यावर राहतात, ते गंजतात, आणि आपण म्हणतो सिंक गंजलं. ओला तवा रात्रभर सिंकात ठेवला तरी तसाच डाग पडतो. संडास-फरशीचं ॲसिड सिंकला लावायचं नाही, त्याची उघडी बाटली सिंकखालच्या कपाटातही ठेवायची नाही. तिची वाफसुद्धा स्टील खाते.

आता हातांचं

हे सगळं वहीत लिहून मी गुरुवारी रात्री घरी फोन लावला. पंधरा मिनिटं बोललो. ब्रिअर्लीसुद्धा सांगितला. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "झालं तुमचं? आता माझं ऐका. बावीस वर्षं मी दुसऱ्याने पोचे पाडलेल्या सिंकमध्ये भांडी घासली. क्वार्टर सोडताना घासून-पुसून परत दिलं. हे पहिलं सिंक आहे जे मला कुणाला परत द्यायचं नाही. मला एकदा तरी पांढरं पाहिजे होतं."

माझ्या वहीत याचा कॉलमच नव्हता.

मी गप्प बसलो. तेजपूरचं नाव काढणार होतो, पण तिनेच काढलं. "आणि तेजपूर मी विसरले नाही. म्हणून कालच बशीत बोअरचं पाणी घालून उन्हात ठेवलंय. काय डाग पडतो बघू."

शनिवारी तिने बशीचा फोटो पाठवला. पांढरी कड, विटकरी काही नाही. म्हणजे आमच्या पाण्यात क्षार आहेत, लोह दिसत नाही. पांढऱ्या सिंकवर ते दिसणार नाहीत, काळ्यावर नक्की दिसतील. काळं तिथेच बाद झालं. चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला ही साधी बशीची परीक्षा सुचली नव्हती. तुम्हीही करा. फुकट आहे आणि चार दिवसांत उत्तर देते.

दुसरी गोष्ट तिने केली ती मला अजून जास्त भावली. आमच्याकडे आईच्या मदतीला एक मावशी येतात. सकाळची सगळी भांडी त्याच घासतात. कारभारणीने फोटो त्यांना दाखवून विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, दोन खणांचं नका घेऊ. परात बसत नाही, आडवी धरून घासावी लागते, पाणी अंगावर येतं. आणि लई खोल नको, पाठ जाते." लोक हजारो रुपयांचं सिंक घेतात, पण रोज तासभर तिथे उभ्या राहणाऱ्या बाईला एक शब्द विचारत नाहीत. मलाही सुचलं नव्हतं.

परात मोजली. पंधरा इंच. बाहेरून २४ बाय १८ चं एका खणाचं सिंक घेतलं तर आत साधारण २२ बाय १६ मिळतं, परात आडवी बसते. घरातलं सगळ्यात मोठं भांडं मोजल्याशिवाय सिंकचं माप ठरवू नका.

खोलीचा हिशोब मी सांगितला. चपला काढून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मूठ वळायची आणि जमिनीपासून मूठ किती उंच ते मोजायचं. सिंकचा तळ त्याच्या खाली गेला की वाकावंच लागतं. कारभारणीची मूठ २६ इंचावर, मावशींचीही जवळपास तेवढीच. ओटा ३४ इंच धरला तर सिंक आठ इंच खोल पुरे. दुकानात दहा इंचाचं दाखवत होते, भारी म्हणून. दोन इंच दिसायला काहीच नाहीत. पण तेवढंच वाकून रोज तासभर, वीस वर्षं उभं राहायचं म्हटलं की कंबर त्याचा हिशोब वसूल करते. आमच्या घरात तो एकदा झालेला आहे. आई आजही कमरेला हात लावल्याशिवाय उठत नाही.

रविवारी रात्री निर्णय कळला. भांडी घासायला स्टील, ३०४, मॅट, एका खणाचं, आठ इंची. दुकानदाराने चुंबक काढल्यावर तिने त्याला काय सुनावलं ते तिने मला दोनदा सांगितलं. आणि जेवणघरातल्या खिडकीखाली हात धुवायला पांढरंशुभ्र चिनी मातीचं बेसिन. तिथे कुकर पडणार नाही, बत्ता पडणार नाही. ते बेसिन माझ्या बजेटमध्ये नव्हतं. आता आहे.

माजी सैनिक मित्रांनो, पेन्शन आली की आपण घर काढतो दुरुस्तीला. आयुष्यभर हुकूम पाळलेला माणूस घरात हुकूम सोडायला लागतो, किंवा सवयीने "तू ठरव" म्हणून बाजूला होतो. दोन्ही नकोत. आपल्याला जे येतं ते पूर्ण सांगायचं, स्टीलचा नंबर, पत्र्याची जाडी, सगळं. मग ज्यांचे हात त्या पाण्यात असतात त्यांना विचारायचं, आणि ते म्हणतील ते करायचं. आणि आपले हात त्या पाण्यात का नसावेत, हाही प्रश्न आहेच. लेहला मी माझं ताट रोज स्वतः धुतलं, गरम पाण्यात, लाल दवेत, क्रम न मोडता. तेव्हा कुणी कौतुक केलं नाही. घरी सुट्टीवर गेलो की मात्र ताटात हात धुऊन उठतो.

पुढच्या महिन्यात सुट्टी मागितली आहे. मंजूर झाली तर नव्या सिंकमधली पहिल्या दिवशीची भांडी मी घासणार, असं फोनवर बोलून बसलोय. कारभारीण म्हणाली, "तुमची मूठ मोजली का? तुम्हाला वाकावं लागेल."

मोजली. एकतीस इंच. वाकावं लागेल.

जय हिंद.